याप एडन: बर्फावर तीनदा, सायकलवर दोनदा जगज्जेता

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी तेरा वर्षांची. चार वर्षं इनलाइन (एका रांगेतल्या चाकांचं) स्केटिंग, दोन वर्षं सायकलिंग, आणि दोन्हींत जिल्हा पातळीवर पदकं. आता स्केटिंगचे सर म्हणतात सायकल बंद कर, सायकलिंगचे सर म्हणतात स्केट्स विकून टाक. तिच्या आईने कुठेतरी वाचलं की नेदरलँड्सचा एक जुना खेळाडू दोन्ही खेळांत जगज्जेता झाला होता. ते खरं आहे का, त्याला ते जमलं कसं, आणि आजच्या मुलीला जमेल का, असं त्या विचारतात.

ताई, तुम्ही वाचलंत ते अगदी खरं आहे. त्याचं नाव याप एडन. १८९३ ते १८९६ या काळात तो बर्फावरच्या स्पीड स्केटिंगमध्ये तीनदा आणि ट्रॅक सायकलिंगमध्ये दोनदा जगज्जेता झाला. या दोन्ही खेळांत जगज्जेतेपद मिळवणारा पुरुष खेळाडू त्याच्यानंतर झालेला नाही. बायका झाल्या आहेत, आणि त्यांचं मी पुढे सांगणारच आहे, कारण तुमच्या प्रश्नाशी त्यांचा जास्त संबंध आहे.

मी अठ्ठावीस वर्षं पुण्यात मुलांना शिकवतोय. सकाळी स्केटिंग, संध्याकाळी सायकल. त्यामुळे एडनची गोष्ट मी इतिहास म्हणून वाचत नाही, मला त्याच्या मांड्या डोळ्यांसमोर दिसतात. म्हणून उत्तर थोडं लांबेल.

एडनचा जन्म १९ ऑक्टोबर १८७३ चा, नेदरलँड्सच्या उत्तरेकडच्या ग्रोनिंगन शहरातला. आई लवकर गेली आणि आजी-आजोबांनी त्याला हार्लेमच्या बाजूला वाढवलं. हार्लेम हे गाव लक्षात ठेवा, कारण त्या देशातल्या आधुनिक खेळांची सुरुवात ज्या थोड्या गावांत झाली त्यांत ते अगदी पुढे होतं. पिम म्युलियरने तिथे १८७९ साली देशातला पहिला फुटबॉल क्लब काढला. याच म्युलियरने १८९० च्या डिसेंबरात फ्रिसलँड प्रांतातली अकरा गावं गोठलेल्या कालव्यांवरून एका दिवसात स्केटिंग करत गाठली, बारा तास पंचावन्न मिनिटांत. एडन तेव्हा सतरा वर्षांचा होता. आपल्याकडे ज्या गावात मोठी तालीम असते तिथल्या पोराला कुस्ती वेगळी शिकवावी लागत नाही, आखाड्याच्या कडेला बसून बसून अर्धी कुस्ती त्याच्या अंगात येते. एडनचं बर्फाशी नातं मला तसंच वाटतं.

त्या वेळी डच लोक पिढ्यान्‌पिढ्या ज्या स्केट्स वापरत त्यांना खाली लाकडी पाया, त्यात बसवलेलं लोखंडी पातं, आणि सगळं चामड्याच्या पट्ट्यांनी बुटाला बांधलेलं. कालव्यावरून शेजारच्या गावाला जायला उत्तम, पण वळणावर पूर्ण जोर लावला की पाय एकीकडे आणि पातं दुसरीकडे. नॉर्वेच्या खेळाडूंनी लांब, सरळ, बारीक पात्याच्या आणि बुटाला पक्क्या बसवलेल्या स्केट्स आणल्या तेव्हा खेळच बदलला. तुमच्या मुलीला हे लगेच समजेल. बाजारातल्या मऊ बुटाच्या स्केट्सवरून ती पहिल्यांदा कडक बुटाच्या रेसिंग स्केट्सवर आली असेल, तो दिवस तिला आठवायला सांगा. घोट्याचा जोर वाया न जाता सरळ चाकात उतरतो म्हणजे काय, ते त्या दिवशी कळतं.

आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटना १८९२ च्या उन्हाळ्यात नेदरलँड्समधल्या स्खेवेनिंगन इथे स्थापन झाली आणि पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा जानेवारी १८९३ मध्ये ॲमस्टरडॅमला, राइक्स संग्रहालयामागच्या मोकळ्या मैदानावर, उघड्या आभाळाखाली झाली. अंतरं चार: ५००, १५००, ५००० आणि १०,००० मीटर. नियम कडक होता. चारपैकी तीन अंतरं जिंकलीत तरच जगज्जेते, नाहीतर त्या वर्षी जगज्जेताच नाही. एकोणीस वर्षांच्या एडनने ५००, १५०० आणि ५००० जिंकल्या. १०,००० नॉर्वेच्या ऑस्कर फ्रेड्रिक्सनकडे गेली. पण तीन झाल्या होत्या, आणि पहिला अधिकृत जगज्जेता स्वतःच्या घरच्या बर्फावर ठरला. पुढच्या वर्षी स्टॉकहोमला कोणालाच तीन अंतरं जिंकता आली नाहीत आणि ते पद रिकामंच राहिलं.

त्या नियमाकडे जरा नीट बघा. ५०० मीटरला तेव्हा पाऊण मिनिटाच्या वर वेळ लागायचा, १०,००० ला अठरा-वीस मिनिटं. एकाच शरीराकडून स्फोटक वेगही मागायचा आणि दमही मागायचा. आज या दोन टोकांचे खेळाडू वेगळे असतात, त्यांचा सराव वेगळा, मांड्यांचा घेरसुद्धा वेगळा. एडनच्या वेळी ज्याला जगज्जेता व्हायचं त्याला दोन्ही टोकं पेलावी लागत. तो सायकलवर यशस्वी झाला त्याचं अर्धं कारण मला या नियमात दिसतं. त्याचे पाय पहिल्यापासून दोन गोष्टींसाठी तयार झालेले होते.

आता हामार. हे नॉर्वेतलं म्योसा तलावाच्या काठचं छोटं शहर. तिथे २५ फेब्रुवारी १८९४ रोजी एडनने ५००० मीटर ८ मिनिटं ३७.६ सेकंदांत पूर्ण केलं. आधीच्या विक्रमापेक्षा हे जवळजवळ अर्धा मिनिट कमी होतं. विक्रम सेकंदाच्या दशांशाने मोडताना आपण बघतो, इथे एका विशीतल्या मुलाने एका दुपारी अर्धा मिनिट कापला. तो विक्रम १९११ पर्यंत, म्हणजे सतरा वर्षं टिकला आणि मग रशियाच्या निकोलाय स्त्रुन्निकोव्हने तो मोडला, तोही अर्ध्या सेकंदाच्या आतल्या फरकाने.

पुढच्या फेब्रुवारीत, १८९५ ला, जागतिक स्पर्धाच हामारला होती. एडनने १५००, ५००० आणि १०,००० जिंकल्या आणि १०,००० मध्ये १७ मिनिटं ५६ सेकंदांचा नवा विक्रम केला.

माझ्या सवयीप्रमाणे मी हे आकडे आजच्या ४०० मीटरच्या फेरीत बसवून बघितले. ८:३७.६ म्हणजे फेरीला साधारण ४१.४ सेकंद. १७:५६ म्हणजे फेरीला साधारण ४३. अंतर दुप्पट झालं आणि फेरीमागे दीड सेकंदाच्या आसपासच वेग उतरला. वही-पेन घेऊन बसणाऱ्या कुठल्याही कोचला विचारा, हा फरक बघून तो एकच सांगेल: या मुलाला स्वतःचा दम मोजता येत होता. हातात घड्याळ नाही, छातीला ठोके मोजणारा पट्टा नाही, कानात कोणी वेळ सांगत नाही, आणि तरी पंचवीस फेऱ्या इतक्या जपून काढणं ही नुसत्या ताकदीची गोष्ट नव्हे.

याच हामारमध्ये, ५००० मीटरच्या त्या विक्रमाला बरोबर शंभर वर्षं होताना, फेब्रुवारी १९९४ मध्ये, हिवाळी ऑलिंपिकचं स्पीड स्केटिंग झालं. यावेळी छताखाली, उलट्या वायकिंग होडीसारख्या दिसणाऱ्या भव्य इमारतीत. नॉर्वेच्या योहान ओलाव कोसने तिथे १५००, ५००० आणि १०,००० या तीनही शर्यती विश्वविक्रमासह जिंकल्या. ५००० ला त्याला लागले ६ मिनिटं ३४.९६ सेकंद. त्याने जिंकलेली तीन अंतरं आणि एडनने ९५ साली जिंकलेली तीन अंतरं तीच आहेत. मला हा योगायोग फार आवडतो.

सायकलकडे वळू. एडनच्या वयाची मुलं वाढत होती तेव्हा सायकल नुकतीच माणसात आली होती. दोन सारखी चाकं आणि मागच्या चाकाला साखळी अशी आजच्या घडणीची सायकल १८८५ ची, हवेचे टायर १८८८ चे. पुढचं प्रचंड चाक असलेल्या उंच सायकलीवरून पडून मोडलेल्या हातापायांच्या जागी एकदम एक वेगवान, खाली बसता येईल असं यंत्र आलं. युरोपभर व्हेलोड्रोम, म्हणजे सायकल शर्यतींचे खास ट्रॅक, उभे राहिले. सायकलिंगची पहिली जागतिक स्पर्धा १८९३ मध्ये शिकागोला झाली. दुसरी १८९४ च्या ऑगस्टमध्ये बेल्जियममधल्या अँटवर्पला, आणि तिथली हौशी गटातली १० किलोमीटरची शर्यत याप एडनने जिंकली. हामारचा तो विक्रम होऊन सहा महिनेही झाले नव्हते.

अँटवर्पच्या त्याच स्पर्धेत १०० किलोमीटरचं जेतेपद नॉर्वेच्या विल्हेल्म हेनीने मिळवलं. पुढे १९२८, १९३२ आणि १९३६ अशी सलग तीन ऑलिंपिक सुवर्णपदकं घेणारी फिगर स्केटर सोन्या हेनी ही त्याची मुलगी. सायकल आणि बर्फ यांचं नातं त्या काळी घराघरांत होतं असं म्हणायला हरकत नाही.

मग फेब्रुवारी १८९५, हामार, बर्फावर दुसरं जगज्जेतेपद. ऑगस्ट १८९५, जर्मनीतलं कोलोन, सायकलवर हौशी गटातलं स्प्रिंटचं, म्हणजे कमी अंतराच्या वेगवान शर्यतीचं, जगज्जेतेपद. फेब्रुवारी १८९६, सेंट पीटर्सबर्ग, बर्फावर तिसरं, आणि यावेळी चारही अंतरं त्याचीच. एका हिवाळ्यात बर्फ, मधल्या उन्हाळ्यात लाकूड-सिमेंटचा ट्रॅक, पुन्हा बर्फ. बावीस वर्षांच्या मुलाने बारा महिन्यांत तीन जगज्जेतेपदं मिळवली.

आता तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे येतो: हे जमतं कसं?

तुमच्या मुलीला भिंतीला पाठ न टेकता स्केटिंगच्या बैठकीत उभं राहायला सांगा. गुडघे काटकोनापेक्षा थोडे मोकळे, पाठ जवळजवळ जमिनीला समांतर, हात मागे कमरेवर, नजर पुढे. आता घड्याळ लावा. वीस सेकंदांनी ती हसेल. पस्तीस सेकंदांना मांडीचा पुढचा भाग थरथरायला लागेल, गुडघ्याच्या वर कातडीखाली स्नायू नाचताना तुम्हाला दिसतील. पंचेचाळीसला ती नकळत दोन बोटं वर उठलेली असेल. तालमीत बैठका मारणारा पैलवान खाली-वर होत राहतो, म्हणून त्याच्या मांडीत रक्त खेळतं. स्केटिंगमध्ये बैठकीच्या तळाशी थांबून राहावं लागतं. स्नायू आवळलेले राहतात, त्यांतून रक्त नीट वाहत नाही, आणि मांडी भरून येते. स्पीड स्केटिंगची खरी किंमत ही आहे.

सायकलवर काय होतं? तोच मांडीचा पुढचा स्नायू, तेच नितंबाचे मोठे स्नायू, तशीच वाकलेली पाठ, समोरून येणारा तोच वारा. पण पाय सतत फिरतो. दर फेऱ्याला स्नायू आवळतो आणि सुटतो, रक्ताला वाट मिळते. म्हणजे ज्या स्नायूंना बर्फाने आवळून मजबूत केलं त्यांना सायकल मोकळं करून दम देते. पायावर आपटही बसत नाही. म्हणून आजही डच आणि नॉर्वेजियन स्केटर उन्हाळाभर सायकल चालवतात, शेकडो किलोमीटर. त्यांना ती सवय याप एडनने लावली असं मी म्हणणार नाही, पण तो ज्या रस्त्याने गेला तोच रस्ता ते अजून वापरतात.

आणखी एक साम्य फारसं कोणी सांगत नाही. बर्फाचा ट्रॅक असो की व्हेलोड्रोम, दोन्हीकडे घड्याळाच्या उलट फिरायचं, वळण कायम डावीकडे. तुमच्या मुलीच्या रिंकवरही तसंच. डोळे, मान, तोल, वळणात शिरताना खांदा किती पाडायचा याचा अंदाज, हे सगळं एका खेळातून दुसऱ्यात जसंच्या तसं जातं. सायकलिंगमधून स्केटिंगमध्ये आलेली मुलं वळणाला घाबरत नाहीत, हे मी वर्षानुवर्षं बघतोय.

फरक दोन आहेत आणि ते मोठे आहेत. सायकलचा पाय सरळ खाली जातो, स्केटचा पाय बाजूला. बाजूला ढकलायला कमरेच्या कडेचे स्नायू लागतात आणि सायकल ते बिलकुल वाढवत नाही. नुसती सायकल चालवून आलेला मुलगा रिंकवर उभा राहिला की त्याचा ढकलणारा पाय मागे जातो, बाजूला जात नाही. दुसरा फरक पोटरीचा. एडनच्या स्केटचं पातं बुटाला पुढे-मागे पक्कं होतं, त्यामुळे टाच उचलून शेवटचा झटका देता येत नसे, दिला तर पात्याचं टोक बर्फात रुतायचं. पुढच्या बाजूला बिजागर असलेली आणि टाचेकडून सुटणारी क्लॅप स्केट ॲमस्टरडॅमच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी विकसित केली आणि ती १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात सगळ्यांच्या पायात आली. १९९८ च्या नागानो ऑलिंपिकला विक्रमांची रांग लागली ती त्यामुळे. म्हणजे एडनने हामारला जे केलं ते पोटरी जवळजवळ बांधून ठेवून केलं, आणि सायकलवर बसल्यावर तीच पोटरी मोकळी सुटली. मला वाटतं, अँटवर्पच्या ट्रॅकवर त्याला फार हलकं वाटलं असणार.

पण ताई, या सगळ्याहून मोठं कारण वेगळंच आहे: निसर्गाने त्याचं वेळापत्रक बनवलं होतं. कृत्रिम बर्फाचा ४०० मीटर ट्रॅक तेव्हा कुठेच नव्हता. तलाव गोठला की स्केटिंग, बर्फ वितळला की संपलं. फेब्रुवारीनंतर त्याला इच्छा असूनही स्केटिंग करता आलं नसतं. आणि सायकलच्या जागतिक स्पर्धा उन्हाळ्यात होत. दोन खेळ एकमेकांच्या अंगावर कधी आलेच नाहीत.

आपल्याकडे असं नाही. इनलाइन स्केटिंगला बर्फ लागत नाही, बारा महिने चालतं. सायकलही बारा महिने. आणि दोन्हींच्या राज्य-राष्ट्रीय स्पर्धा बऱ्याचदा दिवाळीनंतरच्या त्याच थंडीच्या महिन्यांत येतात. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक मुलगा होता, तुमच्या मुलीसारखाच, दोन्हींत चांगला. पंधरा दिवसांच्या अंतराने दोन निवड स्पर्धा होत्या. वडिलांनी मला विचारलं, दोन्ही करू दे का. मी हो म्हणालो. सकाळी रिंकवर दोन तास, संध्याकाळी सायकलवर दोन तास, मधे शाळा. दहाव्या दिवशी जिना उतरताना त्याने कठड्याला धरलेलं मी बघितलं आणि मला कळलं, पण उशीर झाला होता. गुडघ्याच्या वाटीखालचा कंडरा सुजला होता. चार महिने दोन्ही बंद. तो निर्णय माझा होता आणि तो चुकला. तेव्हापासून माझ्याकडे नियम आहे: दोन खेळ हवे तर दोन मोसम हवेत, आणि ते वर्षाच्या सुरुवातीला कॅलेंडरवर लाल-निळ्या पेनाने आखायचे. बर्फाने एडनसाठी जे केलं ते आपल्याला हाताने करावं लागतं.

तुमच्या प्रश्नात नाही, पण एडनची पुढची गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. सेंट पीटर्सबर्गनंतर तो बर्फावरच्या जागतिक स्पर्धेत परत आला नाही. स्केटिंगची संघटना फक्त हौशी खेळाडूंना घेत असे आणि एडन सायकलवर व्यावसायिक झाला. यात मी त्याला मुळीच दोष देत नाही. जगज्जेतेपदाने पोट भरत नव्हतं, आणि पॅरिससारख्या शहरांत व्हेलोड्रोमवर हजारो लोक तिकीट काढून स्प्रिंट बघायला येत. सायकलस्वार हे त्या काळातले तारे होते. बक्षिसं रोख मिळत, हजेरीचे पैसे वेगळे. एडनने पैसा मिळवला आणि तो पाण्यासारखा खर्चही झाला. मोठी राहणी, दारू, भोवती मित्रमंडळी. पंचविशी ओलांडेपर्यंत त्याचे चांगले दिवस मागे पडले होते. पुढे तो कफल्लक झाला आणि २ फेब्रुवारी १९१५ रोजी हार्लेमला वारला. वय फक्त एक्केचाळीस.

हिशेब मांडून बघा. एकोणीस ते बावीस, एवढ्या वयात पाच जगज्जेतेपदं. त्यानंतरची एकोणीस वर्षं त्याच्या नावावर एकही नाही. त्या मुलाजवळ ते पैसे कुठे ठेवायचे हे सांगणारं कोणी नव्हतं, दमलेल्या शरीराला थांबवणारं कोणी नव्हतं, आणि खेळ संपल्यावर करायला दुसरं काम हातात नव्हतं. त्याचे फोटो मी बघतो तेव्हा मला आमच्या राष्ट्रीय पदकवाल्या पोरांची आठवण येते, जी विशीत सगळीकडे हार घालून फिरतात आणि तिशीत नोकरीचे अर्ज भरत असतात.

त्याचा देश त्याला विसरला नाही, इतकं खरं. ॲमस्टरडॅमला १९६१ साली देशातला पहिला ४०० मीटरचा कृत्रिम बर्फाचा ट्रॅक सुरू झाला, त्याला याप एडनचं नाव आहे. नेदरलँड्समध्ये वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूंना जो पुतळा देतात तोही याप एडनच्या नावाचा.

आता बायकांचं. अमेरिकेच्या शीला यंगने १९७३ या एकाच वर्षी स्केटिंगच्या स्प्रिंटमध्ये आणि ट्रॅक सायकलिंगच्या स्प्रिंटमध्ये जगज्जेतेपद मिळवलं. बेथ हायडन १९७९ मध्ये स्केटिंगची जगज्जेती, १९८० मध्ये रस्त्यावरच्या सायकल शर्यतीची. (तिचा भाऊ एरिक याने १९८० च्या लेक प्लॅसिड ऑलिंपिकमध्ये ५०० पासून १०,००० मीटरपर्यंतची पाचही सुवर्णं घेतली, नंतर १९८६ ची टूर द फ्रान्स सायकलवर केली आणि शेवटच्या आठवड्यात घाट उतरताना पडला. पुढे तो हाडांचा डॉक्टर झाला.) पूर्व जर्मनीच्या क्रिस्टा लुडिंग-रोथेनबुर्गरने १९८८ च्या फेब्रुवारीत कॅलगरीला बर्फावर १००० मीटरचं सुवर्ण घेतलं आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सोलला सायकल स्प्रिंटमध्ये रौप्य. एकाच वर्षी हिवाळी आणि उन्हाळी दोन्ही ऑलिंपिक पदकं मिळवणारी ती एकमेव. कॅनडाच्या क्लारा ह्यूजचा रस्ता उलटा: १९९६ ला अटलांटात सायकलवर दोन कांस्य, आणि दहा वर्षांनी, २००६ ला तुरीनला बर्फावर ५००० मीटरचं सुवर्ण, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी.

या नावांमधलं एक मला महत्त्वाचं वाटतं. यातल्या कोणीही तेराव्या वर्षी घाईने एक खेळ टाकून दिला नाही. क्रिस्टाला तर तिच्या स्केटिंगच्या कोचनेच उन्हाळ्यातला सराव म्हणून सायकलवर बसवलं होतं, ती त्यात जगज्जेती होईल असं ठरवून नव्हे.

तेव्हा तुमच्या दोन्ही सरांना माझा नमस्कार सांगा आणि मोसम वाटून द्यायला सांगा. ज्या खेळाची राष्ट्रीय स्पर्धा या वर्षी तिला जास्त जवळची आहे तो खेळ त्या आधीचे चार महिने पुढे. दुसरा खेळ आठवड्यातून दोन दिवस, हलका, शर्यत नाही. स्केटिंगचा मोसम चालू असताना सायकल म्हणजे फक्त पाय मोकळे करणं: हलकं गिअर, भराभर फिरणारे पॅडल, बोलता बोलता चालवता येईल इतकंच. घाट नको. मुंबई-पुणे शर्यतीतल्या घाटाच्या राजाचं स्वप्न तिला असेल तर ते सायकलच्या मोसमासाठी ठेवा. सायकलच्या मोसमात आठवड्यातून दोनदा रिंकवर जाऊन बाजूला ढकलण्याचा सराव तेवढा ठेवा, कारण ती सवय लवकर जाते आणि उशिरा परत येते.

आठवड्यात एक पूर्ण दिवस सुट्टी, त्यात तडजोड नाही. सकाळी अंथरुणातून उठण्याआधी तिने मनगटावर नाडी मोजून वहीत लिहावी. चार-पाच दिवस सलग नेहमीपेक्षा सात-आठ ठोके जास्त दिसले, झोप लागेना किंवा जेवण नकोसं झालं, तर त्या आठवड्यात दोन्ही खेळ अर्ध्यावर आणा. तेराव्या वर्षी मुलींची उंची भराभर वाढते आणि पाळीही याच सुमारास सुरू होते. हिमोग्लोबिन वर्षातून दोनदा तपासून घ्या. दमलेली मुलगी आळशी झाली असं आपण समजतो आणि बऱ्याचदा तिला फक्त लोह कमी पडत असतं.

आणि एक काम आजच करा. तिची सायकल घ्या, तिला सीटवर बसवा, टाच पॅडलवर ठेवून पॅडल अगदी खाली न्यायला सांगा. गुडघा जेमतेम सरळ व्हायला हवा. वाकलेला राहत असेल तर सीट खाली आहे, कारण गेल्या वर्षापासून ती वाढली आहे आणि सीट तिथेच आहे. माझ्याकडे गुडघा दुखतो म्हणून येणाऱ्या दर तीन मुलांपैकी एकाची सीट मला वर करावी लागते. दर तीन महिन्यांनी हे बघत जा, आणि तेव्हाच स्केट्सच्या बुटात अंगठा पुढे टेकतो का तेही बघा.